वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: अंतर पावणेतीन किलोमीटर, मग वेळ किती धरायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एडिंबराला शिकता, मे महिन्यात सांगलीहून आई-वडील येणार आहेत, आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा जगातला सगळ्यात छोटा नियमित विमानप्रवास त्यांना घडवायचा आहे. अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळाने २.८ किमी आणि ३० मिनिटं सांगितली. तुम्ही अक्षांश-रेखांश घेऊन स्वतः हिशेब केला तर साडेपाच किमी आले. विमान कंपनीच्या वेळापत्रकात दोन मिनिटं आहेत आणि आणखी कुठेतरी तुम्ही ५३ सेकंद वाचलेत. यातलं खरं कुठलं, आणि एकूण किती वेळ हाताशी ठेवायचा?

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणाआधी मार्ग, वारा, वजन आणि इंधन यांचा हिशेब मांडून ती योजना कॅप्टनच्या हाती देणं हे माझं काम, आणि त्यातली बरीच वर्षं छोटी टर्बोप्रॉप विमानं आणि आखूड धावपट्ट्या यांच्यातच गेली. ऑर्कनीची उड्डाणं मी आखलेली नाहीत. पण वारा आणि भूमिती सगळीकडे सारखीच, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन सगळं मांडून दाखवतो. तुमच्या पाच आकड्यांपैकी एक साफ चुकला आहे, एक या विमानाला लागूच होत नाही आणि उरलेले तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एवढ्याचसाठी, की ‘वेळ’ म्हणताना प्रत्येक जण वेगळं घड्याळ बघतो आहे.

आधी अंतर, कारण ते लवकर उरकतं. वेस्ट्रेचा विमानतळ ५९ अंश २१ मिनिटं उत्तर, २ अंश ५७ मिनिटं पश्चिम असा आहे (इथलं मिनिट घड्याळातलं नव्हे, अंशाचा साठावा भाग). पापा वेस्ट्रेचा विमानतळ जवळजवळ त्याच अक्षांशावर, २ अंश ५४ मिनिटं पश्चिमेला. म्हणजे फरक फक्त रेखांशाचा, तोही तीन मिनिटांचा. तुम्ही ‘एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल’ धरलंत, तीन सागरी मैल म्हणजे ५.५६ किमी काढलेत, आणि तिथेच गडबड झाली. एका मिनिटाला एक सागरी मैल हे अक्षांशाला सगळीकडे चालतं, रेखांशाला मात्र फक्त विषुववृत्तावर. उत्तरेला जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात, म्हणून त्या आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. ५९.३५ अंशांचा कोसाइन साधारण ०.५१. तीन गुणिले ०.५१ म्हणजे १.५३ सागरी मैल, म्हणजे २.८ किमी. हीच तीन मिनिटं मुंबईच्या अक्षांशावर असती तर सव्वापाच किमी भरले असते. मुंबईत बसून केलेल्या ढोबळ हिशेबात हा कोसाइन विसरला तरी फारसं बिघडत नाही, ऑर्कनीत मात्र उत्तर दुप्पट होतं.

पृथ्वी गोल आहे, मग मोठ्या वर्तुळाचं, म्हणजे गोलावरचं सर्वात कमी अंतर काढायचं सूत्र वापरायला नको का, असंही तुम्ही विचारलं आहे. एवढ्या अंतराला गरज नाही. तीन किमीत जमीन सपाट धरली तरी फरक नजरेत येणार नाही. फरक पडतो तो तुम्ही अंतर कुठल्या बिंदूपासून मोजता यात. छापील माहितीत हे अंतर १.७ मैल, म्हणजे २.७ किमी दिलेलं असतं. आपल्या २.८ किमीशी तो शंभर मीटरचा फरक कुठून येतो? विमानतळाचा संदर्भबिंदू हा कागदावरचा एक ठिपका असतो. विमान त्या ठिपक्यावरून सुटत नाही, धावपट्टीच्या कुठल्यातरी टोकाकडून सुटतं. इथल्या धावपट्ट्या अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच्या आहेत, म्हणजे धावपट्टीची लांबीच एकूण अंतराच्या जवळजवळ एक षष्ठांश झाली. तेव्हा २.७ की २.८ हा वाद इथे घालू नका. फक्त मैल कुठला ते बघा. १.७ हा आकडा साध्या मैलांचा आहे, सागरी मैलांचा धरलात तर सव्वातीन किमीच्या जवळ पोचाल.

हे अंतर डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगतो: मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किमी लांब आहे. हा अख्खा प्रवास तिच्यावर मावून वर जागा उरेल.

आता वेळ. सगळ्यात आधी हवेतला वेळ घेऊ. या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलँडर नावाचं विमान चालतं. दोन पिस्टन इंजिनं, चाकं कायम खालीच, आठ प्रवासी आणि एक वैमानिक. हे विमान पहिल्यांदा उडालं १९६५ साली. आखूड, ओबडधोबड पट्ट्यांवरून थोड्या लोकांना थोड्या अंतरावर न्यायचं, हेच काम समोर ठेवून ते बनवलं आहे. त्याचा वेग साधारण १२० नॉट धरा. हिशेबाला हा आकडा फार सोयीचा, कारण तासाला १२० सागरी मैल म्हणजे मिनिटाला बरोबर दोन. १.५३ सागरी मैलांना लागतील ४६ सेकंद. तुम्ही वाचलेले ५३ सेकंद ही या मार्गावरची सर्वात जलद उड्डाणाची नोंद आहे, स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाची. ४६ शी ती ताडून बघा. वेग घ्यायला आणि उतरताना वेग कमी करायला जे सेकंद जातात ते मिळवले, की ५३ अगदी पटण्यासारखे वाटतात. म्हणजे त्या दिवशी विमानाला जवळजवळ सरळ रेषेत उडून सरळ रेषेत उतरता आलं असणार.

मग रोज ५३ सेकंद का लागत नाहीत? इथे वारा येतो, आणि या प्रश्नाचं सगळं मर्म त्यातच आहे.

विमान उडतं आणि उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. मोठ्या विमानतळावर प्रवाशाच्या हे लक्षातही येत नाही, कारण चारशे किमीच्या प्रवासात सुरुवातीला घेतलेलं एखादं वळण सहज जिरून जातं. इथे जिरायला जागाच नाही. वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रे पूर्वेला आहे. ऑर्कनीत पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणारे वारे नेहमीचेच. समजा त्या दिवशी पश्चिमेचा चांगला जोरकस वारा आहे. तुम्हाला जायचं आहे पूर्वेला, पण विमान उडणार पश्चिमेला तोंड करून. हवेत गेल्यावर ते मागे वळणार, सामुद्रधुनी ओलांडणार, पापा वेस्ट्रेच्या पट्टीच्या बाजूने पुढे जाणार आणि पुन्हा अर्धं वळण घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरणार.

या वळणांची किंमत मोजून बघू. वळताना वेग १०० नॉट आणि पंख ३० अंशांनी कललेले धरले, तर वळणाची त्रिज्या येते सुमारे ४७० मीटर. अर्ध्या वर्तुळाची लांबी जवळजवळ दीड किमी, आणि त्याला वेळ अठ्ठावीस-एकोणतीस सेकंद. अशी दोन अर्धी वळणं म्हणजे तीन किमी. मूळ अंतरापेक्षा जास्त! वेळात बोलायचं तर ४६ सेकंदांच्या प्रवासात साधारण ५७ सेकंदांची वळणं मिसळली आणि बेरीज पावणेदोन मिनिटांच्या जवळ गेली. प्रवाशांना त्रास नको म्हणून वैमानिकाने वळणं थोडी सैल घेतली की झाली दोन मिनिटं. वेळापत्रकातला दोनचा आकडा अंदाजाने टाकलेला नाही, हे यावरून दिसेल.

प्रत्यक्ष वाऱ्याचा जोर त्यामानाने कमी फरक पाडतो. तीस नॉटचा वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग १५० नॉट होतो आणि १.५३ सागरी मैलांना ३७ सेकंद लागतात. तोच वारा समोरून असेल तर वेग ९० आणि वेळ ६१ सेकंद. फरक चोवीस सेकंदांचा. वाऱ्याची दिशा वळणं घ्यायला लावून त्याच्या दुप्पट वेळ खाते. लांबच्या मार्गावर आम्ही वाऱ्याचा जोर बघतो, एवढ्या छोट्या मार्गावर त्याची दिशा आणि धावपट्टीची दिशा यांच्यातला कोन आधी बघावा लागतो. या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या दिशांच्या एकाहून अधिक पट्ट्या आहेत, त्याचं कारणही हेच. आयलँडरसारख्या हलक्या विमानाला आडवा वारा फार सोसत नाही, म्हणून आज कुठली पट्टी घ्यायची हे वारा ठरवतो.

आता संकेतस्थळाची ३० मिनिटं. अशा बऱ्याच साइट दोन विमानतळांमधलं अंतर जेट विमानाच्या वेगाने भागतात, म्हणजे तासाला आठशे किमी वगैरे, आणि उड्डाण-उतरणीसाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. तुमच्या बाबतीत भागाकार आला बारा-तेरा सेकंद, त्यात अर्धा तास घातला, उत्तर तीस मिनिटं. हे सूत्र अगदीच वाईट नाही. मुंबई ते गोवा हवेत पन्नास मिनिटांच्या आसपास लागतात, पण तिकिटावर सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ छापलेला असतो. मधला वेळ विमान मागे ढकलणं, टॅक्सी करत धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी करून जागेवर लागणं यात जातो. आमच्या भाषेत याला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. वेळापत्रक एरवी ब्लॉक टाइमवर बनतं.

वेस्ट्रेला मात्र यातलं काही नाही. मागे ढकलायचं नाही, रांग नाही, टॅक्सी म्हणजे पट्टीच्या टोकापर्यंत जाणं. मोठ्या विमानतळाचा अर्धा तास तिथे लावला तर उत्तर वेडंवाकडंच येणार. छोट्या बेटांसाठी मी स्वतः वापरतो ते ढोबळ सूत्र असं: सागरी मैलांतलं अंतर घ्या, विमान १२० नॉटवालं असेल तर दोनने भागा, म्हणजे हवेतली मिनिटं मिळाली, आणि वर तीन ते पाच मिनिटं ठेवा. ऑर्कनीची राजधानी कर्कवॉल ते वेस्ट्रे अंतर २३.५ सागरी मैल. भागाकार जवळजवळ बारा, वर तीन, म्हणजे पंधरा मिनिटं. वेळापत्रकातही त्याच्याच जवळपासचा वेळ दिसेल. आणखी एक पडताळा देतो, कारण आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली तिकडे जातात: सेशेल्समध्ये माहे ते प्रालां. तिथेही अंतर २३.६ सागरी मैलच आहे, विमान ट्विन ऑटर, आणि उड्डाण पंधरा मिनिटांचं. एक बेट विषुववृत्ताजवळ, दुसरं ५९ अंश उत्तरेला, तरी सूत्र दोन्हीकडे लागू पडतं. पण अंतर पाच सागरी मैलांच्या खाली गेलं की ते सोडून द्या. तिथे वळणं मोजावी लागतात, वर मोजली तशी.

आता तुमच्या प्रश्नाचा जो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो घेतो. ही दोन मिनिटांची सेवा स्वतंत्र नाही. नकाशावर कर्कवॉल, वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे असे तीन ठिपके जोडा. कर्कवॉल दक्षिणेला आणि दोन्ही बेटं तिथून जवळजवळ सारख्याच अंतरावर, साडेतेवीस सागरी मैलांच्या आसपास. एक अरुंद, उंच त्रिकोण तयार होतो आणि त्याची लहान बाजू म्हणजे आपला मार्ग. एसटीची गाडी जाता जाता शेजारच्या दोन गावांत थांबते तसं हे विमान आहे: कर्कवॉलहून निघतं, एका बेटावर उतरतं, पुढच्या बेटावर जातं आणि कर्कवॉलला परततं. दोन बेटांना दोन वेगळी विमानं पाठवली तर साडेतेवीस सागरी मैल चारदा उडावे लागतील. त्रिकोण केला की दोनदाच, अधिक दीड मैल. लोगनएअर या कंपनीने १९६७ साली ही सेवा सुरू केली आणि ती अजून चालू आहे, यामागे हे साधं गणित आहे. तिकिटाच्या पैशावर मात्र ती भागत नाही. ऑर्कनीचं स्थानिक कौन्सिल या बेटांच्या विमानसेवेला पैसे देतं, आपल्याकडे उडान योजनेत तोट्यातल्या मार्गांना सरकार हातभार लावतं तसं. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत आहे. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, दुरुस्तीला आलेला कारागीर, अशा माणसांसाठी हे विमान आहे. आपण पर्यटक त्यांच्या गाडीत उरलेल्या जागेवर बसतो, हे मनात ठेवून बेत आखा.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली म्हणजे दिशा. त्रिकोण कुठल्या बाजूने फिरणार हे त्या दिवसाच्या वेळापत्रकावर ठरतं, त्यामुळे ज्या फेरीत तुम्हाला वेस्ट्रे ते पापा हवं आहे, तीच फेरी तशी जाते का ते बघूनच तिकीट घ्या. शनिवार-रविवारचं वेळापत्रक कामाच्या दिवसांपेक्षा वेगळं असतं, शक्य तर मधला वार निवडा. दुसरी गोष्ट जागांची. आठच जागा आहेत आणि तुम्ही तिघे. बाकीच्या पाचांत रुग्ण, शिक्षक, सगळे आले. तारीख नक्की झाली की लगेच आरक्षण करा, कर्कवॉलला पोचल्यावर बघू असं ठेवू नका. तिसरी गोष्ट वजनाची. एवढ्या छोट्या विमानात माणूस कुठे बसला आणि त्याचं वजन किती, यावर विमानाचा तोल ठरतो. लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, बनवताना मोठ्या विमानात आम्ही सरासरी वजनं धरतो, आठ माणसांच्या विमानात सरासरी धरून चालत नाही. त्यामुळे कोणी वजन विचारलं किंवा जागा बदलायला सांगितली तर आईंना आधीच समजावून ठेवा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. सामानाची मर्यादाही कडक असते. सांगलीहून आलेल्या मोठ्या बॅगा एडिंबरालाच ठेवा आणि प्रत्येकी एक छोटी पिशवी घ्या.

आता हवामानाचं. एकूण वेळेचा प्रश्न खरा तर इथेच अडतो. लक्षद्वीपच्या अगत्तीचं उदाहरण देतो, कारण छोट्या बेटाचा विमानतळ म्हटलं की माझ्या डोक्यात आधी तेच येतं. अगत्तीची धावपट्टी बाराशे मीटरच्या आसपास, कोचीहून अंतर साडेचारशे किमीच्या वर आणि चहूकडे समुद्र. तिथली योजना करताना माझा पहिला प्रश्न अंतराचा नसतो. उतरता आलं नाही तर जायचं कुठे, हा असतो. परत मुख्यभूमी गाठायची तर तेवढं इंधन बरोबर हवं, इंधन वाढवलं की प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं, आणि बेटावर पावसाची सर उभी असेल तर निघण्याआधीच थांबणं बरं, असा निर्णय होतो. प्रवाशाला दिसतं ते ‘विमान दोन तास उशिरा’. त्यामागे हा हिशेब असतो. ऑर्कनीत परिस्थिती वेगळी आहे. वेस्ट्रेला उतरता आलं नाही तर कर्कवॉल बारा मिनिटांवर आहे, म्हणून इंधनाची चिंता फारशी नाही. पण ही बेटांमधली उड्डाणं डोळ्यांनी जमीन आणि समुद्र बघत होतात. ढग फार खाली आले किंवा समुद्रावरून धुकं सरकत आलं, की विमान थांबतं. हिवाळ्यात वादळी वारा आणि जेमतेम सहा तासांचा उजेड ही अडचण. तुम्ही मे महिन्यात जाताय, तेव्हा उजेड रात्री दहाच्या आसपासपर्यंत मिळेल, पण समुद्री धुक्याचा मोसमही नेमका वसंत आणि उन्हाळ्यातलाच. ते सकाळी येऊन दुपारपर्यंत जाऊ शकतं किंवा दिवसभर बसूही शकतं. कुठल्याही सूत्रात ते बसवता येत नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: एकाच दिवसात एडिंबराहून जाऊन परत यायचा बेत करू नका. कागदावर जमल्यासारखा दिसेल. एडिंबरा ते कर्कवॉल ३३५ किमी, विमानाने साधारण सव्वा तास. पुढे पंधरा मिनिटं, मग दोन मिनिटं, आणि परत. हवेतला सगळा वेळ जोडला तर तीन-साडेतीन तास भरतील. पण ही विमानं एकमेकांची वाट बघत नाहीत, बेटांच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच, आणि मधली एक चुकली की पुढचं सगळं कोसळतं. वय झालेल्या माणसांना घेऊन हे नको. कमीत कमी दोन रात्री धरा. पहिल्या दिवशी एडिंबराहून कर्कवॉल, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने वेस्ट्रेवरून पापा वेस्ट्रे, आणि जमलं तर ती रात्र बेटावरच. तिथल्या लोकांच्या सहकारी संस्थेचं दुकान आणि वसतिगृह आहे, वसतिगृहाचं आधी विचारून घ्या. तिसऱ्या दिवशी परत. एडिंबराहून आई-वडिलांचं भारतात परतायचं विमान असेल, तर ऑर्कनीहून परतणं आणि ते विमान यांच्यात आणखी एक मोकळा दिवस ठेवा. हा दिवस वाया जात नाही, धुक्यासाठी राखून ठेवलेला असतो.

पापा वेस्ट्रेवर करायचं काय, असं वडील विचारतील. त्यांना नॅप ऑफ हॉवर दाखवा. समुद्राकाठी दगडी भिंतींची दोन घरं शेजारी शेजारी उभी आहेत, इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमाराची. वायव्य युरोपातल्या अजून उभ्या असलेल्या सर्वात जुन्या दगडी घरांत त्यांची गणना होते. मधून एक छोटं दार आहे, त्यातून वाकून दुसऱ्या घरात जाता येतं. आठ जागांच्या विमानाने तिथवर जायला हेच एक कारण मला पुरेसं वाटतं.

बोटीचंही सांगतो, कारण दोन बेटांमध्ये नुसतं जायचं असेल तर तीही चांगली आहे. वेस्ट्रेच्या पायरोवॉल गावातून पापा वेस्ट्रेला फक्त माणसांसाठी छोटी बोट जाते, साधारण पंचवीस मिनिटं लागतात. विमान दोन मिनिटांचं, पण विमानतळावर आधी पोचायचं, सामान द्यायचं, विमान कर्कवॉलहून येईपर्यंत थांबायचं. तुम्ही पायरोवॉलमध्येच राहिला असाल तर दारापासून दारापर्यंतच्या हिशेबात बोट आणि विमान बरोबरीला येतात, आणि कधी कधी बोट पुढे जाते. शांत समुद्र असेल तर जाताना विमान आणि येताना बोट, असं करून बघा. उलटही चालेल, पण मग धुक्याच्या दिवशी विमानाची वाट बघत अडकून पडाल. पहिल्याच संधीला विमान घेऊन टाकलेलं बरं.

शेवटचे दोन छोटे प्रश्न. वैमानिकाच्या शेजारी बसता येतं का? या विमानात पुढे एकच वैमानिक असतो, त्यामुळे त्याच्या शेजारची जागा प्रवाशाला मिळू शकते. पण ती कोणाला द्यायची हे वजनाचा तोल बघून तेच ठरवतात. विचारायला हरकत नाही, हट्ट धरू नका. आणि वेळ मोजायचा असेल तर कुठपासून? चाकं जमीन सोडतात तेव्हा सुरू करा, पुन्हा टेकतात तेव्हा थांबवा, तरच ५३ सेकंदांच्या नोंदीशी तुलना करता येईल. विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते थांबेपर्यंत मोजलंत तर तो ब्लॉक टाइम होईल आणि आकडा बराच मोठा येईल. विमान कुठल्या बाजूला तोंड करून उडालं, हेही लिहून ठेवा. आल्यावर इथे वाऱ्याची दिशा आणि वेळ दोन्ही कळवा, आपण वळणांचा हिशेब पुन्हा मांडून बघू.